टिंबापाशी हरवलेली ओळ
(विकीवरच्या मजकुरातून मॅन पेज घडवणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

"सर, इथं तं असं काही लिहेलच नाही."

वाशिमच्या आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका विद्यार्थिनीने पडद्यावर बोट ठेवून हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं की तिने नीट वाचलं नाही. बॅकअप कसा घ्यायचा याची टिपणं आम्ही लॅबच्या विकीवर मराठीत लिहून ठेवली होती. त्यात तीन छोटी वाक्यं एकाखाली एक होती. लपवलेल्या फाइल्सपैकी नको असतील त्या काढून टाका. .प्रोफाइल ही फाइल पुसू नका. मग बॅकअप सुरू करा. हा मजकूर मी स्वतः लिहिला होता, त्यामुळे मधलं वाक्य तिथे आहे याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. इंटरनेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमध्ये आम्ही तो मजकूर चिकटवला, त्याचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचायचं मदतीचं पान, करून घेतलं, लॅबच्या सगळ्या मशीनवर टाकलं आणि मुलांना सांगितलं की यापुढे हेच वाचायचं. तिने तेच वाचलं आणि तसंच केलं. दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर महिनाभर खपून बसवलेली मराठी कीबोर्डची मांडणी गेलेली होती.

मी तिच्या शेजारी बसून पान पुन्हा उघडलं. पहिलं वाक्य होतं, तिसरं होतं, मधलं नव्हतं. मध्ये मोकळी जागासुद्धा राहिली नव्हती. वाचणाऱ्याला तिथे काही हरवलंय अशी शंका येण्याचं कारणच नव्हतं. ही पुस्तिका त्या दिवशी सुरू झाली.

कारण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मॅन पेज ज्या भाषेत लिहिलं जातं तिला रॉफ म्हणतात. रॉफचा पहिला नियम असा की ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं की ती ओळ मजकूर नाही, आज्ञा आहे. टिंबापुढे एस आणि एच ही रोमन मोठी अक्षरं आली की मथळा, पी आणि पी आली की नवा परिच्छेद. टिंबापुढे ओळखीचं काही नसेल तर रॉफ ती ओळ मुकाट्याने सोडून देतं. आमच्या वाक्याची सुरुवातच टिंबाने होत होती, कारण युनिक्समध्ये लपवलेल्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं. ‘प्रोफाइल’ नावाची आज्ञा रॉफला सापडली नाही, आणि ‘पुसू नका’ हे शब्द तिच्याबरोबर गेले. चांगला कन्व्हर्टर अशा टिंबाआधी \& ही खूण घालतो. तिला स्वतःची रुंदी नाही, ती छापली जात नाही, फक्त टिंबाला ओळीच्या पहिल्या जागेवरून हटवते. आम्ही वापरलेला कन्व्हर्टर ती खूण घालत नव्हता.

टिंबाची ही रीत फार जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ साली रनऑफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टंकलेल्या मजकुरातच मांडणीच्या सूचना कशा द्यायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. कुठलंही साधं वाक्य टिंबाने सुरू होत नाही, म्हणून सूचनेची ओळ टिंबाने सुरू करायची, असं ठरलं. त्या काळापुरतं हे उत्तर बिनचूक होतं. रॉफ हे नाव रनऑफवरूनच आलं. पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते, तेव्हा त्यांना नवीन पीडीपी-११ यंत्र मिळालं ते मजकूर-मांडणीची व्यवस्था करून देतो या बोलीवर, आणि तिथल्या पेटंट विभागातले टंकलेखक युनिक्सचे पहिले नियमित वापरकर्ते ठरले. म्हणजे युनिक्स आणि रॉफ एकाच घरात वाढले. त्याच घरात टिंबाला दुसरा अर्थ चिकटला, लपवलेल्या फाइलचा. साठ वर्षांपूर्वीची एक बिनचूक कल्पना आणि नंतरची एक सोयीची सवय आमच्या एका मराठी वाक्यात समोरासमोर आल्या, आणि भुर्दंड एका विद्यार्थिनीला बसला.

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यातलं प्रत्येक पान ठरलेल्या क्रमाने जातं. आधी नाव, मग आज्ञा कशी लिहायची ते, मग वर्णन, लागणाऱ्या फाइल्स, आणखी कुठे पाहावं, आणि नंतर ‘बग्ज’ नावाचा भाग. या ‘बग्ज’ भागाबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्या वस्तूतला दोष आपणच, त्याच पानावर, ठरलेल्या जागी लिहून ठेवायचा. वापरणाऱ्याला फसवायचं नाही. त्याखाली ‘मालक’ असाही एक भाग असे आणि तिथे पान कोणाचं ते लिहिलेलं असे. मराठी टिपणं लिहिताना ‘दोष’ हा मथळा रिकामा ठेवायचा नाही, असा नियम आम्ही या पुस्तिकेत घातला आहे. बॅकअपच्या पानावर त्या मथळ्याखाली आता टिंबाची गोष्ट आहे.

विकीचा उगम वेगळा आणि स्वभावही वेगळा. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी लोकांसाठी खुला केला. होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून त्यांनी नाव घेतलं. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. कोणीही यावं, चूक दिसली की तिथल्या तिथे सुधारावी, असा त्यामागचा विचार होता. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. आज मराठीत विकीची खूणभाषा जितक्या लोकांना येते, तितक्यांना दुसरी कुठलीच मांडणीची भाषा येत नसेल. == दोन बरोबरच्या खुणांमध्ये मथळा ==, '''तीन एकेरी अवतरणचिन्हांत ठळक''', चौकोनी कंसांत दुवा.  

या एकेरी अवतरणचिन्हातच दुसरा खड्डा आहे. रॉफमध्ये ओळीच्या सुरुवातीची ' हीसुद्धा आज्ञेची खूण आहे, टिंबाची धाकटी बहीण. विकीवर तर सूचना ठळक करायची रीत अशी की ओळ '''सूचना:''' अशीच सुरू होते. कन्व्हर्टरने विकीची खूण ओळखली तर सूचना ठळक होते. ओळखली नाही आणि जशीच्या तशी पुढे सरकवली, तर अख्खी ओळ गिळली जाते. म्हणजे लेखकाने ज्या वाक्यावर सर्वांत जास्त जोर दिला, तेच वाक्य जाण्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणून रूपांतर झाल्यावर मॅनला --वॉर्निंग्ज हा पर्याय देऊन पान एकदा उघडा. एरवी रॉफ अनोळखी आज्ञेबद्दल गप्प राहतं, या पर्यायाने बोलतं. मला हे तेव्हा माहीत असतं तर त्या मुलीचा महिना वाचला असता.

आता कोणी विचारेल की मग विकीवरच वाचावं, मॅन पेजचा खटाटोप कशाला? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतात, पण विकी ज्या सर्व्हरवर आहे तो आणि नेटचा राऊटर दोन्ही बंद पडतात. नेमकं तेव्हाच कोणाला तरी विचारायचं असतं की अर्धवट तुटलेला बॅकअप पुन्हा कसा सुरू करायचा. मॅन पेज त्या मशीनच्या पोटातच असतं. त्याला ब्राउझर लागत नाही, माउस लागत नाही, जोडणी लागत नाही. रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या शाळेत जुनं यंत्र दान म्हणून गेलं तर पान त्याच्याबरोबर जातं. विकी लिहिण्यासाठी आणि सुधारण्यासाठी, मॅन पेज हाताशी ठेवण्यासाठी. दोन्ही हवेत, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट भरवशाची हवी.

त्या वाटेवर काय टिकतं? लेखकाने अर्थ सांगून ठेवला असेल तेवढं टिकतं. नुसतं दिसण्यासाठी केलेलं गळतं. एखाद्याने मथळा म्हणून ओळ ठळक केली, पण बरोबरच्या खुणा घातल्या नाहीत, तर पलीकडे तो मथळा होत नाही, ठळक वाक्य होतं. एखाद्याने मोकळ्या जागा टाकून दोन रकाने जुळवले तर ते पलीकडे एका ओळीत वाहून जातात. विकीला मथळ्यांच्या सहा पायऱ्या आहेत, मॅन पेजला दोनच. त्यामुळे चौथ्या पायरीवर ठेवलेला मुद्दा पलीकडे कुठे बसवायचा ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. माझ्या अनुभवात तो मुद्दा बहुतेक वेळा मथळ्याच्या लायकीचा नसतोच. चित्रं जातात. महिरपी कंसांतले साचे विकीच्या बाहेर उलगडत नाहीत. तक्त्यासाठी टीबीएल नावाचा वेगळा प्रोग्रॅम मदतीला घ्यावा लागतो. ऐंशी घरांच्या टर्मिनलमध्ये तक्ता तसाही दाटीवाटीने बसतो, त्यापेक्षा त्याची वाक्यं करा.

मजकूर एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचं हे काम आपल्याच जिल्ह्यात यापूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे, म्हणून कारंजाकडे वळतो. कारंजा लाडच्या दिगंबर जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या जपलेल्या आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली आणि कारंजाचं धन विद्वानांच्या नजरेस आलं. नंतर अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी या पोथ्यांमधली अपभ्रंश काव्यं छापून काढण्याचं काम हाती घेतलं. पुष्पदंताचं जसहरचरिउ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलं, ते १९३१ साली कारंजातून निघालं. १९३४ साली स्वतः जैन यांनी संपादित केलेलं कनकामर मुनींचं करकंडचरिउ निघालं. दहाव्या शतकात मान्यखेटला बसून पुष्पदंताने ज्या भाषेत लिहिलं, ती मराठी-हिंदीच्या वाटेवरची भाषा आहे, आणि तिचे हे ग्रंथ छापून जगापुढे आले ते आपल्या कारंजाच्या नावाने.

पोथीत शब्द सुटे लिहीत नाहीत. ओळ अखंड चालते. कुठे शब्द तुटतो, कुठे चरण संपतो, हे संपादकाला छंदावरून आणि अर्थावरून ठरवावं लागतं. छापखान्यात तर तेव्हा प्रत्येक फट खिळ्याने भरायची असे. पोथीतून छापील पानात जाताना संपादकाने फट चुकीच्या जागी घातली, तर कवीचा शब्दच बदलतो आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही. आमच्या मधल्या वाक्याचं जे झालं त्याच जातीचा हा धोका. पोथ्यांचे लेखक आपली चूक सुधारताना अक्षरावर पिवळा हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथून आला. तो पिवळा पट्टा पाहिला की इथे काहीतरी होतं हे निदान डोळ्यांना दिसतं. रॉफने गिळलेल्या ओळीवर हरताळसुद्धा दिसत नाही, म्हणून मूळ आणि रूपांतर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. दुसऱ्या माणसाने वाचावं. लिहिणाऱ्याला स्वतःचं वाक्य नसलं तरी दिसतं, जसं मला दिसलं.

मराठीचा म्हणून एक स्वतंत्र अडथळा आहे. ‘वाशिम’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. युनिकोडमध्ये तो पाच चिन्हांचा आहे: व, काना, श, पहिली वेलांटी, म. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा. ‘कार्यक्रम’ घ्या. कानाला चार अक्षरं, यंत्राला नऊ चिन्हं. मॅन पेजची मांडणी टर्मिनलच्या घरांवर चालते. एक चिन्ह म्हणजे एक घर असं धरून ओळ मोजली की काना, मात्रा, हलन्त यांनाही घर मिळतं, आणि पडद्यावर मात्र ते आधीच्या अक्षरात मिसळतात. मग दोन्ही कडा समान करण्याच्या नादात शब्दांमधल्या जागा ओबडधोबड होतात आणि उजवी कडा उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. मराठी पानासाठी उपाय असा की उजवी कडा जुळवायचीच नाही. टिंब, ए, डी आणि पुढे एल ही आज्ञा पानाच्या सुरुवातीला घाला, मजकूर डावीकडून सरळ वाहू द्या. जोडाक्षरं टर्मिनलमध्ये नीट जुळत नसतील तर दोष बहुधा पानाचा नसतो, टर्मिनलचा असतो. पान दुरुस्त करत बसण्याआधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडून पाहा.

मथळे मराठीत द्यायचे की नाही, यावर आमच्यात बरेच दिवस वाद झाला. माझा आग्रह होता की सगळं मराठीत हवं. पण मॅन पेजची सूची बांधणारी आज्ञा ‘नाव’ या भागातली एकच ओळ उचलते. आज्ञेचं नाव, मग \- ही खूण, मग एका ओळीत काम. तो मथळा यंत्राला ओळखू आला नाही तर पान असूनही शोधात सापडत नाही. शेवटी आम्ही तो एक मथळा रोमन लिपीत ठेवला आणि बाकी सगळे मराठीत केले. वाशिमचाच एक पुरावा आठवल्यावर माझं मन त्याला राजी झालं. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, म्हणजे आजचं वाशिम. इथे मिळालेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या चौथ्या शतकातल्या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे कोणतं गाव, कोणाला, कोणत्या सवलतींसह, तो प्राकृतात आहे. चौकट दरबाराच्या रीतीची आणि कामाचं वाक्य ज्यांनी ते अमलात आणायचं त्यांच्या भाषेत. आमची पानंही तशीच आहेत. चौकटीतली दोन-चार रोमन अक्षरं यंत्रासाठी आहेत. ‘पुसू नका’ हे मराठीतच असलं पाहिजे आणि ते पोचलंच पाहिजे.

ऑनलाइन साधनांबद्दल थोडक्यात. पॅनडॉक हे जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने २००६ साली सुरू केलेलं साधन मीडियाविकीची खूणभाषा वाचतं आणि मॅन पेज लिहितं. ते ब्राउझरमधून वापरून पाहता येतं आणि स्वतःच्या मशीनवरही बसवता येतं. टिंबाची काळजी ते स्वतः घेतं. पुस्तिकेतले बहुतेक नमुने त्यावर केले आहेत. कोणतंही ऑनलाइन पान वापरताना मात्र एक पाहा. काही ठिकाणी रूपांतर तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, काही ठिकाणी मजकूर दूरच्या यंत्रावर जातो. लॅबचे पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते, विद्यार्थ्यांची नावं असलेली टिपणं तिथे चिकटवू नका. दुसरं म्हणजे आज्ञांच्या पर्यायांतली आडवी रेघ. पलीकडे ती \- अशीच लिहिलेली हवी. नुसती रेघ राहिली तर पानावर ती छापील संयोगचिन्ह होऊ शकते, आणि मुलांनी पानावरून आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये चिकटवली की ती चालत नाही. डोळ्यांना दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. अशा चुकीत अर्धा तास जातो आणि मूल समजतं की आपल्याला येत नाही.

विकीवरून येताना आणखी एक गोष्ट हमखास मागे राहते, ती म्हणजे लिहिणाऱ्यांची नावं. विकीच्या पानाला ‘इतिहास’ असतो. कोणी कोणतं वाक्य कधी बदललं ते सगळं तिथे असतं. कन्व्हर्टर फक्त मजकूर उचलतो. विकिपीडियाचा मजकूर ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे त्यात श्रेय देण्याची अट आहे, पण अट नसती तरी मी हेच सांगितलं असतं. कारंजाच्या भांडारांतल्या पोथ्या जिथे संपतात तिथे पुष्पिका असते. ही प्रत कोणी लिहिली, कोणत्या गावी, कोणत्या संवताला, कोणासाठी. शेकडो वर्षांनी त्या पोथीची साखळी जोडता येते ती त्या चार ओळींमुळे. पहिल्या युनिक्स मॅन्युअलमधला ‘मालक’ हा भाग हेच काम करत होता. म्हणून आमच्या प्रत्येक पानाच्या शेवटी विकीवर कोणी लिहिलं, रूपांतर कोणी केलं, कोणी ताडून पाहिलं आणि कोणत्या दिवशी, हे लिहिलेलं असतं.

बॅकअपचं पान आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा केलं. ते विकीवरून उतरवलं मी, आणि ताडून पाहिलं तिने, मूळ पान एका खिडकीत आणि मॅन पेज दुसऱ्या खिडकीत ठेवून, पेन्सिलने वहीत ओळींचे आकडे टाकत. मधल्या वाक्यापाशी ती थांबली. वाक्य आता पडद्यावर होतं. तरी तिने फाइल उघडून टिंबाआधीची ती न दिसणारी खूण स्वतः पाहिली, आणि मगच पानाच्या तळाशी, तपासणाऱ्याच्या जागी, आपलं नाव मराठीत टाइप केलं.